दीड एकरातला एचएमटी: दादाजी खोब्रागडे यांच्या कष्टाचं काय झालं?

नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात कुठल्याही किराणा दुकानात 'एचएमटी द्या' म्हटलं, की दुकानदार न विचारता तांदळाच्या पोत्याकडे वळतो. पुण्या-मुंबईतही हा तांदूळ एव्हाना सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. बारीक दाणा, मोकळा भात, बासमतीपेक्षा पुष्कळ कमी भाव. रोजच्या ताटातला तांदूळ. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या तिसरी शिकलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, निवडून काढला, हे मात्र तो खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या शेतकऱ्याचं नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड. मराठवाड्यातलं नव्हे, नागभीड तालुक्यातलं.

'प्रामाणिक कष्टाचं फळ मिळतंच' असं आपण मुलांना सांगतो. दादाजींच्या बाबतीत ते कुठपर्यंत खरं ठरलं आणि कुठे अडलं, हे नीट तपासावं म्हणून हे प्रकरण मांडतो आहे. त्यांच्याविषयी लिहिताना बरेचजण दोनच गोष्टी करतात. एक तर त्यांना चमत्कारी पुरुष करून टाकतात, नाही तर 'बिचारा शेतकरी' म्हणून हळहळतात. मला दोन्ही पटत नाही. त्यांनी केलेलं काम हे शिस्तीचं, पद्धतशीर काम होतं. आणि त्यांना जे मिळालं नाही, ते नेमक्या कोणत्या टप्प्यावर निसटलं तेही दाखवता येतं.

धानाचा मुलूख

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचा भाग. पाऊस चांगला, जमीन चढउताराची, बाजूला जंगल. मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातले मामा तलाव आणि गावोगावच्या बोड्या (लहान तळी) यांच्या पाण्यावर इथली धानाची शेती उभी आहे. मृगाच्या पावसावर पऱ्हे (रोपं) टाकायचे, आषाढात चिखलणी करून रोवणी (लावणी) करायची, दिवाळीच्या सुमाराला हलकं, म्हणजे लवकर येणारं धान कापायचं आणि उशिरा येणारं भारी धान त्यानंतर. कापलेल्या कडपा वाळल्या की पुंजणे (गंज्या) रचायचे आणि मग चुरणा, म्हणजे मळणी. बहुतेक शेतकऱ्यांना वर्षातून धानाचं हे एकच पीक मिळतं. पुढे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, म्हणून आत्ताच सांगून ठेवली.

दादाजींची जमीन दीड एकराच्या आसपास. ते दलित समाजातले, अल्पभूधारक, शाळा तिसरीनंतर सुटलेली. ज्याच्याकडे वीस एकर आहे तो एका बांधीत प्रयोग करून पाहू शकतो. फसला तर घरात खायला बाकीचं असतं. दीड एकरवाल्याला कोपऱ्यातली चार हात जागा प्रयोगासाठी बाजूला काढायची, तर तेवढं घरचं धान कमी करावं लागतं. त्यांच्या निष्ठेचं मोजमाप करायचं असेल तर इथून सुरुवात करावी लागेल.

1983: तीन लोंब्या

त्या हंगामात त्यांच्या शेतात 'पटेल 3' हा वाण होता. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेला हा वाण तेव्हा या भागात चांगला चाललेला होता. उभ्या पिकात फिरताना दादाजींना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यांचा रंग पिवळसर, बाकीच्यांहून निराळा.

ज्याने धानाची बांधी जवळून पाहिली आहे त्याला यातली अवघड बाब कळेल. पीक पक्वतेला आलं की सगळी बांधी एकाच रंगाची दिसू लागते. लोंब्या वाकून एकमेकींत गुंततात, वरून बघणाऱ्याला पिवळ्या रंगाखेरीज काही दिसत नाही. त्यातून तीन लोंब्या नजरेत भरायच्या, तर शेतकऱ्याला 'पटेल 3'चा दाणा कसा असायला हवा हे पाठ असावं लागतं. टोकाला किती निमुळता, टरफलाचा रंग कोणता, लोंबीत दाणे किती दाट, ताट, म्हणजे धानाचं रोप, किती उंच. वेगळं काय ते ओळखायला नेहमीचं काय ते माहीत असावं लागतं, आणि ते रोज बांधीत जाणाऱ्यालाच माहीत असतं.

अशी वेगळी ताटं धानात दरवर्षी येतात. शेतकरी त्याला 'भेसळ' म्हणतात. काही वेळा ती बियाण्यात मिसळलेल्या दुसऱ्या वाणाची असते, काही वेळा क्वचित घडणाऱ्या संकराची, काही वेळा रोपातच झालेल्या बदलाची. भेसळ दिसली तर ती उपटून टाकायची किंवा सगळ्यांबरोबर कापून चुरायची, हा रिवाज. बियाणं शुद्ध ठेवायचं असेल तर तसं करणंच योग्य. दादाजींनी त्या तीन लोंब्या वेगळ्या खुडल्या, दाणे प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवले आणि पुढच्या वर्षी वेगळे पेरले.

पुढच्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्याही. जंगलाकाठच्या शेतात अशा लहानशा तुकड्याची राखण करणं म्हणजे काय, ते रानडुकरांचा त्रास सोसलेल्यांना सांगायला नको. एकरभर धानात डुकरं शिरली तर नुकसान होतं. चार हात तुकड्यात शिरली तर एका रात्रीत सगळं संपतं, कारण त्या बियाण्याचा दुसरा दाणा जगात कुठेच नसतो.

पाच वर्षं का लागली

1983 साली दिसलेल्या लोंब्यांपासून 1988 च्या सुमाराला वाण हाताशी आला. म्हणजे पाच हंगाम. हा आकडा बऱ्याच लेखांत नुसता येऊन जातो. मला तो या प्रकरणाचा गाभा वाटतो.

धान स्वपरागी आहे. फूल सकाळच्या प्रहरात थोडा वेळ उघडतं आणि मिटतं, तोवर त्याच्याच परागाने त्याचं फलन झालेलं असतं. शेजारच्या ताटाचा पराग लागण्याचं प्रमाण बहुधा एक टक्क्याच्याही आत. त्यामुळे धानाचा वाण एकदा स्थिर झाला की वर्षानुवर्षं घरचं बियाणं वापरता येतं. पण वेगळी दिसलेली लोंबी जर संकरातून आलेली असेल, तर पहिल्या एक-दोन पिढ्यांत तिची लेकरं एकसारखी निघत नाहीत. कुणी उंच, कुणी ठेंगणं, कुणाचा दाणा बारीक, कुणाचा पुन्हा ठोकळ. स्वपरागणाच्या दर पिढीत हा मिश्रपणा निम्म्याने कमी होतो. शंभरावरून पन्नास, पंचवीस, साडेबारा, सव्वासहा आणि पाचव्या पिढीत तीन टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर बांधीत उभं राहून पाहिलं तर पीक एकसारखं दिसू लागतं.

दादाजींच्या त्या तीन लोंब्या संकरातून आल्या होत्या की आणखी कशातून, ते आता ठरवता येणार नाही. पण वर्षाला एक पीक घेणाऱ्या शेतकऱ्याने पाच हंगाम थांबायचं, दरवर्षी नकोशी ताटं काढून टाकायची, हव्या तशा लोंब्यांचं बियाणं वेगळं ठेवायचं आणि वाण स्थिर झाल्याची खात्री पटेपर्यंत घाई करायची नाही, हे विद्यापीठातला पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारा शास्त्रज्ञ, करतो तेच काम आहे. पैदासकाराच्या हाताशी प्रयोगाचं शेत असतं, मजूर असतात, नोंदवही असते, महिन्याचा पगार असतो. दादाजींकडे डोळे होते आणि स्मरण होतं. 'नशिबाने सापडला' असं म्हणणाऱ्यांनी ही पाच वर्षं मोजावीत. 1983 मधला तो एक दिवस फार तर नशिबाचा म्हणता येईल. बाकी सगळं त्यांनी हाताने केलं आहे.

पिकावरची माया म्हणतात ती हीच असावी, असं मला वाटतं. आपण माया म्हणजे हळवेपणा समजतो. पीक आडवं झालं की डोळ्यांत पाणी येणारा शेतकरी आपल्याला मायाळू वाटतो. तो असतोही. पण स्वतःच लावलेलं, स्वतःच राखलेलं ताट केवळ दाणा मनासारखा नाही म्हणून उपटून फेकायचं, यालाही तितकीच माया लागते. ती कठोर असते आणि फार कमी लोकांकडे असते.

नाव कुणाचं लागलं

1990 च्या सुमाराला गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने दादाजींकडून दीडशे किलो बियाणं घेऊन लावलं. पीक उत्तम आलं. धान तळोधीच्या बाजारात गेलं तेव्हा व्यापाऱ्याने विचारलं, वाण कुठला? नाव नव्हतंच. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांची चलती होती. व्यापाऱ्याने तेच नाव देऊन टाकलं. तिथून 'एचएमटी' रूढ झालं ते आजतागायत.

यात कुणाचा दोष नाही. व्यापाऱ्याला पोत्यावर लिहायला काहीतरी हवं होतं, आणि चांगल्या मालाला चांगल्या मालाचं नाव देणं ही बाजाराची जुनी रीत आहे. तरी पहिली गळती इथेच झाली. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या वाणांना गावाचं, रंगाचं किंवा वासाचं नाव असतं, माणसाचं क्वचितच. दादाजींनी वाण पसरवला तोही आपल्या शेतकरी रीतीने. शेजाऱ्याने मागितलं, दिलं. पाहुण्याने मागितलं, दिलं. बियाणं अडवून ठेवायचं असतं हा विचार गावात नव्हताच. धानाचं बियाणं पायलीने उसनं देण्याघेण्याची चाल आहे, आणि त्या चालीमुळेच हा वाण सरकारी मदतीशिवाय काही वर्षांत जिल्ह्याबाहेर गेला.

बाजाराने तो का उचलला हेही पाहायला हवं. ठोकळ धान सरकारी खरेदीत आणि मुरमुरा-पोह्याला जातं. बारीक धानाला घरगुती खाणारं गिऱ्हाईक असतं आणि भाव चढा मिळतो. पण बारीक, चवदार जुने वाण उताऱ्याला, म्हणजे उत्पादनाला कमी. इथला चिन्नोर घ्या. वास, चव सगळं अप्रतिम, पण एकरी पोती मोजायला बसलं की शेतकरी नाइलाजाने दुसरीकडे वळतो. एचएमटीत दाण्याचा बारीकपणाही होता आणि हेक्टरी 40 ते 45 क्विंटलचा उताराही होता. छोट्या शेतकऱ्याला याहून वेगळं काय हवं असतं?

1994 ते 1998

शेजारच्याच तालुक्यात, सिंदेवाहीला, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. सामान्य माणसांनी लावलेल्या शोधांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या नोंदीनुसार 1994 साली या केंद्राने दादाजींकडून पाच किलो एचएमटी बियाणं प्रयोगासाठी नेलं. 1998 साली विद्यापीठाचा 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण आला. दादाजींचं नाव त्यात नव्हतं.

विद्यापीठाच्या बाजूने मांडलं जाणारं म्हणणं असं, की शेतकऱ्यांकडे पसरलेलं बियाणं मिसळलेलं होतं, ते आम्ही शुद्ध केलं, चाचण्या घेतल्या आणि सुधारित वाण दिला. या म्हणण्याचा पहिला भाग मी हलक्यात घेत नाही. शुद्धीकरण हे खरं काम आहे. शेकडो लोंब्या निवडून ओळीओळीने लावायच्या, वेगळ्या निघालेल्या ओळी काढून टाकायच्या, वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या घ्यायच्या, पायाभूत बियाणं तयार करायचं, याला वर्षं लागतात आणि माणसं लागतात. सरकारने अधिकृतपणे जाहीर केलेला, म्हणजे अधिसूचित वाण झाल्यामुळे प्रमाणित बियाणं शेतकऱ्याला मिळू लागतं, तोही फायदाच.

पण शुद्ध करायला मुळात काहीतरी लागतं. पाच किलोची ती पिशवी कुठून आली हे कागदावर एका ओळीत लिहिलं असतं, तर शास्त्रज्ञांच्या श्रमांना कणभर उणेपणा आला नसता. मला या प्रकरणात सर्वात जास्त बोचते ती ही न लिहिलेली ओळ. पैसा नंतरचा. पैशाचा प्रश्न उद्भवायला आधी नाव कुठेतरी नोंदलेलं असावं लागतं.

कायद्याकडे पाहिलं तर 1994 साली त्यांना आधार देणारा कायदाच नव्हता. वनस्पतींच्या वाणांचं आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचं संरक्षण करणारा कायदा संसदेत 2001 साली झाला आणि त्याखालचं प्राधिकरण 2005 मध्ये स्थापन झालं. म्हणजे दादाजींचा वाण हाताशी आला, बाजारात गेला, नाव मिळवून बसला, विद्यापीठातून जाऊन आला आणि मग कायदा आला.

मानाची आणि दामाची बाजू

पुढची वर्षं सन्मानाची होती. हनी बी नेटवर्कची आणि प्रा. अनिल गुप्ता यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानची माणसं त्यांच्यापर्यंत पोहोचली, आणि जानेवारी 2005 मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. राज्य शासनाने कृषिभूषण दिला. त्या पुरस्काराबरोबरच्या सुवर्णपदकातलं सोनं अस्सल नसल्याचं नंतर उघड झालं आणि त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. 2010 साली फोर्ब्सने देशातल्या सात प्रभावी ग्रामीण उद्योजकांत त्यांचं नाव घेतलं. प्रतिष्ठानच्या अंदाजाप्रमाणे एचएमटी तोवर पाच राज्यांत एक लाख एकरांहून जास्त क्षेत्रावर गेला होता.

आणि ते स्वतः दीड एकरावरच होते.

इथे एक हिशेब मांडून पाहावासा वाटतो. हिशेब माझा, ढोबळ आहे. एक लाख एकर म्हणजे सुमारे 40 हजार हेक्टर. बारीक धानाच्या रोवणीला हेक्टरी 40 किलो बियाणं धरलं तर एका हंगामाला 16 लाख किलो लागतं. त्यातलं दोन तृतीयांश शेतकरी घरचंच वापरतात असं समजू. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यावर कुणी काही मागू नये. उरलं पाच लाख किलोच्या वर, जे कुणीतरी कुणालातरी विकलं. किलोमागे एक रुपया मूळ पैदासकाराला मिळाला असता, तर वर्षाला पाच लाख रुपये झाले असते. तीस रुपये किलोच्या पिशवीत तो रुपया ना विकणाऱ्याला जाणवला असता, ना घेणाऱ्याला. नांदेडच्या त्या घराचं मात्र चित्र पालटलं असतं.

ते झालं नाही. उतारवयात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, घरच्यांची उपचारासाठी ओढाताण झाली, त्याच्याही बातम्या आल्या. 3 जून 2018 रोजी गडचिरोलीच्या शोधग्राममधल्या रुग्णालयात ते गेले. वय ऐंशीच्या घरात होतं.

ते थांबले नाहीत

या प्रकरणातला जो भाग सर्वात कमी बोलला जातो तो असा, की एचएमटीनंतर दादाजींनी काम सोडलं नाही. नांदेड 92, नांदेड हिरा, विजय नांदेड, नांदेड चिन्नोर, दीपकरत्न, काटे एचएमटी, डीआरके. त्याच जागेत, त्याच पद्धतीने, एकामागून एक वाण निघत गेले. एक वाण सापडणं योगायोग असेल. इतके सगळे सापडतात तेव्हा तो माणूस शोधक असतो.

या यादीतली नावं पाहा. पहिल्या वाणाला व्यापाऱ्याने नाव दिलं. नंतरच्यांपैकी बऱ्याच वाणांवर गावाचं नाव आहे, आणि डीआरके म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. आपल्या कामावर आपलं नाव असावं हे त्यांनी अनुभवातून ओळखलं आणि भांडत बसण्यापेक्षा पुढच्या पिशवीवर ते लिहिलं. यात कडवटपणा नाही, आणि बापुडवाणेपणा तर नाहीच नाही.

मग त्यांना फळ मिळालं की नाही? पिकाने दिलं. ज्याने इतक्या बारकाईने पाहिलं त्याला धानाने पुन्हा पुन्हा वेगळी लोंबी दाखवली. गावांनीही दिलं, या भागातल्या शेतकऱ्यांमध्ये त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं, आणि हजारो घरांच्या चार पोत्यांची पाच झाली ती त्यांच्यामुळे. ज्या अल्पभूधारकाला बारीक धान लावूनही उतारा राखता आला, त्याच्या मुलीच्या फीमध्ये, घराच्या पत्र्यांमध्ये तो लाभ गेला आहे. हे मी तोंडदेखलं समाधान म्हणून सांगत नाही. शेतकरी जेव्हा बियाणं वाटतो तेव्हा त्याला हेच हवं असतं. प्रश्न एवढाच, की ज्याने वाटलं त्याच्या घरी काही परत यायला काय आड आलं. मातीने कसूर केली नव्हती. बांधीपासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून विद्यापीठापर्यंत बियाणं चालत गेलं, त्याच्यासोबत कागद गेला नाही.

आज तुमच्या बांधीत वेगळी लोंबी दिसली तर

दादाजींच्या वेळी नसलेल्या काही सोयी आज आहेत, म्हणून हे जरा तपशिलाने सांगतो.

लोंबी वेगळी दिसली की लगेच खुडू नका. त्या ताटाला रंगीत दोरा बांधा, तारीख टाकून मोबाइलवर फोटो काढा, त्यात शेजारचं नेहमीचं ताटही येऊ द्या. पक्व झाल्यावर प्रत्येक लोंबी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, सगळ्यांचे दाणे एकत्र करू नका. बियाणं 13 टक्क्यांच्या आत ओलावा राहील इतकं वाळवा. पुढच्या हंगामात एका लोंबीची एक ओळ अशी रोवणी करा आणि दुसऱ्या धानापासून किमान 3 मीटर अंतर सोडा. जी ओळ आतल्या आत वेगवेगळी दिसेल तिच्यातून हवी तशी ताटं निवडून पुन्हा तसंच करा. चार-पाच हंगाम लागतील. निसवण्याची (लोंबी बाहेर पडण्याची) तारीख, उंची, कापणीची तारीख आणि उतारा एवढं तरी वहीत लिहीत जा. तुडतुडे किंवा करपा आला तर कोणत्या ओळीवर किती आला तेही लिहा, कारण नवा वाण पुढे टिकतो की पडतो हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

बियाणं कुणालाही द्या, शेतकऱ्याने शेतकऱ्याला बियाणं देऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण संस्थेला, कंपनीला किंवा संशोधन केंद्राला देताना साध्या कागदावर दिनांक, वाणाचं नाव, किती किलो आणि कशासाठी हे लिहून घेणाऱ्याची सही घ्या, आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा. 1994 मध्ये असा एक कागद असता तर पुढचा सगळा वाद वेगळ्या पायावर झाला असता.

2001 च्या कायद्यातलं कलम 39 म्हणतं, की नवा वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकारासारखाच नोंदणीचा आणि संरक्षणाचा हक्क आहे. धानासारख्या पिकाला हे संरक्षण 15 वर्षांचं असतं. वाण वेगळा आहे, एकसारखा आहे आणि स्थिर आहे एवढं चाचणीत दिसावं लागतं. त्या तीनही गोष्टी वर सांगितलेल्या ओळीओळीच्या निवडीतूनच येतात. अर्ज एकट्या शेतकऱ्याला करता येतो, शेतकऱ्यांच्या गटालाही करता येतो. त्यावर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याची शिफारस चालते. कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर अर्ज भरायला मदत होते. शेतकऱ्याच्या वाणासाठी नोंदणी शुल्क लागत नाही.